गुडघे टेकायची फळी

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. दचकू नका, माझ्यात ना कधी पोपट होता, ना वाघ. माझ्यात माणसे उभी राहतात, आणि तीही आपल्या पायांनी चालत येऊन. कोर्टात साक्ष देणारा माणूस ज्या लाकडी कठड्याच्या आत उभा राहतो, त्याला साक्षीदाराचा पिंजरा म्हणतात. तो मी.

मी मात्र खऱ्या कोर्टात कधी गेलोच नाही. कॅथलिक धर्मगुरूंनी स्थापन केलेले एक विद्यापीठ आहे. त्यातल्या कायद्याच्या कॉलेजात माझे सारे आयुष्य गेले. येथे मुले-मुली वकिली शिकतात आणि शिकता शिकता लुटुपुटीचे खटले चालवतात. खटला लुटुपुटीचा, वकील अर्धे कच्चे, न्यायाधीश म्हणजे त्यांचेच मास्तर. पण पिंजरा तेवढा खरा हवा, असा येथला पहिल्यापासूनचा हट्ट.

गेल्या आठवड्यात दोन माणसे आली आणि टेप लावून माझी मापे घेऊन गेली. एक म्हणाला, "काच जाड लागेल." दुसरा म्हणाला, "आत वरून छोटा दिवा सोडू. झकास दिसेल म्हातारा." तेव्हा मला कळले की, नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात मला काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. शेजारी पाटी लागेल, 'हात लावू नये'. लोकांना वाटते, जुन्या वस्तूला यापेक्षा आणखी काय हवे? आयता मान, आयता उजेड, धूळसुद्धा नाही.

मला हे मान्य नाही. का नाही, ते सांगतो. सावकाश सांगतो, पण तुम्ही मधूनच उठून जाऊ नका.

मी झाड होतो तेव्हाचे मला फारसे आठवत नाही. पहिली स्पष्ट आठवण आहे ती प्रार्थनामंदिराची. तिथे मी पिंजरा नव्हतो. मी कपाटासारखी एक अरुंद खोली होतो. एका बाजूला फादर बसत, दुसऱ्या बाजूला लोक येऊन एका बुटक्या फळीवर गुडघे टेकत आणि मधल्या जाळीतून आपल्या हातून घडलेल्या चुका हळू आवाजात सांगत. याला पापनिवेदन म्हणतात. चूक सांगायची, क्षमा मागायची, हलके होऊन घरी जायचे. मित्रांनो, हेही मोठे काम आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. मी तिथे काय काय ऐकले, तेही विचारू नका. लाकूड फुटेल, पण ते बाहेर येणार नाही.

पुढे मंदिरात नवे, कोरीव कामाचे निवेदनगृह आले आणि मला मंदिरामागच्या लांबट खोलीत टाकले. तिथे मोडकी बाकडी, वितळलेल्या मेणबत्त्या आणि एक पाय तुटलेली शिडी असा आमचा संसार होता. मी म्हटले, संपले आपले.

पण संपायचे नव्हते. त्याच खोलीत एक फादर शिरले. झगा घालण्यापूर्वी ते वकील होते. आवाज असा, की ते बोलू लागले की खिडकीची तावदाने थरथरत. त्यांना सगळे गडगड्या फादर म्हणत, अर्थात त्यांच्यामागे. आसपासचे कष्टकरी लोक न वाचता कागदांवर अंगठे उठवतात आणि मग कोर्टात मान खाली घालून उभे राहतात, हे पाहून त्यांचा जीव तळमळत असे. त्यांनी ठरवले, यांनाच कायदा शिकवायचा. दिवसभर ही माणसे कामावर, म्हणून वर्ग संध्याकाळी. दुसरी जागा कोणी देईना, म्हणून वर्ग अडगळीच्या खोलीत. हे कॉलेज असे सुरू झाले, मित्रांनो. घुमट, संगमरवरी जिना, मधले फरसबंदी अंगण, हे सगळे फार नंतरचे.

सराव करायला पिंजरा हवा होता. मठात एक ब्रदर सुतारकाम करत. त्यांनी मला उभे-आडवे न्याहाळले आणि कामाला लागले. माझे छप्पर गेले, पडदा गेला, पाठ गेली. समोर कंबरेइतका कठडा आला. ब्रदर मधली जाळी कठड्यावर बसवायला निघाले, तसे फादर गरजले, "जाळी नको. इथे बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"मग दार तरी लावू ना? पिंजऱ्याला दार असतं."

"कशाला? साक्षीदार पळून जात नाही हो. त्याला पळवून लावतात."

झाले. दार नाही, जाळी नाही. पण ब्रदरांनी एक चूक केली. ती त्यांच्यासारख्या, सारी हयात मंदिराची लाकडे जोडण्यात गेलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. उभे राहायला उंची हवी, म्हणून त्यांनी पायरी म्हणून माझ्यात बसवली ती जुनीच फळी. गुडघे टेकायची. पिढ्यान्पिढ्यांच्या गुडघ्यांनी तिच्यात दोन खळगे पडलेले, तेही तसेच.

पहिला साक्षीदार झाला एक पाववाला. पहाटेपासून भट्टीपुढे राबून आलेला, भुवयांवर पीठ. तो माझ्यात आला, फळी पाहिली, पुढे कठडा पाहिला, आणि काय झाले कोण जाणे, चटकन गुडघे टेकून हात जोडून म्हणाला, "फादर, क्षमा करा, माझ्या हातून..."

सारा वर्ग खो-खो हसला. गडगड्या फादर मात्र हसले नाहीत. तावदाने थरथरली.

"ऊठ! उभा राहा! इथे माफी मागायची नाही. घडलं ते सांगायचं!"

पाववाला धडपडत उठला. दुसरा आला, पोस्टमन. तोही वाकला. तिसराही निम्मा वाकून मग सावरला. सगळ्यांच्या अंगात लहानपणापासूनची सवय. ब्रदर बिचारे ओशाळून म्हणाले, "फळी बदलून देतो, फादर. माणसं फसतायत."

"राहू दे," फादर म्हणाले. "फसू देत. गुडघा वाकला की कळतं, आपल्याला कसली सवय लागलीय ती."

त्याच दिवशी त्यांनी खोलीचा नियम सांगितला. ज्याला दुसऱ्याला प्रश्न विचारायचे आहेत, त्याने आधी या पिंजऱ्यात उभे राहायचे, आपल्या आयुष्यात खरोखर घडलेली एक गोष्ट सांगायची आणि इतरांचे प्रश्न झेलायचे. मग खुशाल वकील व्हा. हा नियम सगळ्यांना सारखा. त्या वर्गात एक धिप्पाड हवालदार होता. चौकीत लोकांना प्रश्न विचारून विचारून त्याचा आवाज राठ झालेला. त्याने सांगितले, लहानपणी शेजाऱ्याची शेळी हरवली आणि ती मी शोधून दिली. बस, एवढेच. पण वर्गाने विचारायला सुरुवात केली. शेळी कुठल्या रंगाची? दोर कोणी सोडला होता? तुलाच कशी सापडली? हवालदार घामाघूम. "अरे, खरंच सापडली रे!" खाली उतरल्यावर कपाळ पुसत म्हणाला, "खरं बोलतानाही घाम फुटतो, हे मला ठाऊकच नव्हतं." मला वाटते, त्याच्या चौकीतले बाकडे त्यानंतर थोडे सुखी झाले असेल.

मग दिवस पालटले. कॉलेजचे नाव झाले. अंगणापलीकडे मोठी इमारत उठली, दिवसाचे वर्ग निघाले, ग्रंथालयाला गोल जिना आला. सरावाचे कोर्ट मात्र आमच्याच लांबट खोलीत राहिले. मला तेल-पॉलिश मिळू लागले. मोठमोठे न्यायाधीश यायचे आणि माझ्या कठड्यावर थाप मारून म्हणायचे, "आम्हीपण इथेच घाम गाळला हो." खोटे कशाला बोलू, तेव्हा मी फुशारलो होतो.

गडगड्या फादर गेले. ब्रदरही गेले. हळूहळू दिवसाच्या वर्गांनी नियम सोडला. अभ्यासक्रम वाढला, वेळ कुठे आहे, असे झाले. पुढे तर सरावाच्या कोर्टासाठी दुसरी खोली निघाली, ध्वनिक्षेपक लावलेली. माझ्या कठड्यावर ओल्या छत्र्या लटकू लागल्या. कोणी कोट टाकी, कोणी चिंगम चिकटवी. एका पोराने माझ्या कुशीवर कर्कटकाने बदामसुद्धा कोरला, आणि नंतर त्यातले एक अक्षर खोडून दुसरे घातले. मी सगळे सोसले, कारण संध्याकाळचा वर्ग माझ्याकडेच येत होता. दिवसभर काम करून आलेली माणसे डबे ठेवत, चेहऱ्यावर पाणी मारत आणि नियम पाळत. नियम मोडीत निघाला आहे, हे त्यांना कोणी कळवलेच नव्हते.

आता चिमणीची गोष्ट.

चिमणी हे काही तिचे खरे नाव नव्हे. अंगाने बारीक आणि आवाज त्याहून बारीक, म्हणून वर्गाने ठेवलेले. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करी. भिंतीवरच्या तक्त्यासमोर गिऱ्हाईक बसवून म्हणायची, "खालची ओळ वाचा. आता त्याखालची. अंदाजाने नका सांगू, दिसतंय तेवढंच सांगा." संध्याकाळी ती वर्गात येई आणि शेवटच्या बाकावर बसे. तिच्या शेजारी बसत ड्रायव्हरकाका. बस चालवून चालवून त्यांचे केस पांढरे झालेले आणि बोलण्यात तोच खाक्या. कोणी दारात घुटमळले की म्हणत, "पुढे सरका, आत जागा आहे."

चिमणी पहिल्यांदा माझ्यात उभी राहिली, तेव्हा तीही वाकलीच. साऱ्या वर्गाने ठरल्यासारखे ओरडून सांगितले, "उभी राहा!" आणि तिने जी गोष्ट सांगितली ती कोणाला ऐकूच गेली नाही. काका म्हणाले, "अगं, मागच्या सीटपर्यंत आवाज पोचला पाहिजे. तिकडंपण पॅसेंजर आहेत."

त्या वर्षी कॉलेजचा मोठा वर्धापनदिन होता आणि नवी, काचेची इमारत उभी राहत होती. एक दिवस काका तावातावाने वर्गात शिरले. "पुतणीसाठी फॉर्म मागायला गेलो, तर खिडकीवरचा म्हणतो, पुढच्या वर्षापासून संध्याकाळचा वर्ग नाही. आपल्यालाही दिवसाच्या वर्गात ढकलणार आहेत. दिवसा बस काय तुझा बाप चालवणार, म्हटलं!"

बातमी खरी होती. कॉलेजच्या विश्वस्तांनी गुपचूप ठरवून टाकले होते. संध्याकाळची ही माणसे उशिरा येतात, बाकावर पेंगतात, नव्या इमारतीला शोभत नाहीत. समारंभ होईपर्यंत कोणाला काही सांगायचे नाही, एवढाच बेत. दिवसाचा वर्ग म्हणजे चिमणीला दुकान सोडणे आले, आणि घरी कमावणारी ती आणि तिची आई दोघीच. म्हणजे शिक्षणच सुटले म्हणा.

वर्धापनदिनी पाहुण्यांना परिसर दाखवायला काही विद्यार्थी निवडले होते. संध्याकाळच्या वर्गातले एखादे तरी नाव हवे, म्हणून चिमणीला घेतले. प्रत्येकाच्या हाती छापील कागद दिला. घुमटाची उंची, जिन्याचा दगड, थोर देणगीदारांची नावे. 'यावरचंच बोलायचं' अशी ताकीद होती. कागदात आमच्या खोलीचे नावसुद्धा नव्हते.

दुपारी दार उघडले आणि पाहुण्यांचा घोळका आत आला. पुढे चिमणी. घोळक्यात एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या आणि एक विश्वस्त. हे विश्वस्त शहरातले बडे वकील, याच कॉलेजचे, पण नियम सुटल्यानंतरच्या काळातले. ते म्हणाले, "अगं बाळ, इकडे काही नाहीये. ही अडगळीची खोली."

चिमणी बुटकी. मागच्यांना दिसावी म्हणून ती माझ्यात चढली. तिने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"हे कॉलेज घुमटाखाली सुरू झालं नाही," ती म्हणाली. "ते या खोलीत सुरू झालं. संध्याकाळी. पहिला साक्षीदार पाव विकणारा होता. तो वर्ग तेव्हापासून कधी बंद पडला नाही. पुढच्या वर्षी तो बंद होणार आहे. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, ऑफिसच्या खिडकीवर कळलं. तुम्ही कॉलेजचा इतिहास बघायला आलात, म्हणून तोही सांगितला."

आवाज बारीकच होता. पण मी सांगतो मित्रांनो, तो मागच्या भिंतीला जाऊन लागला.

न्यायाधीश बाईंनी विश्वस्तांकडे वळून विचारले, "खरं का हे?"

विश्वस्त हसले. "छे हो, गैरसमज आहे मुलीचा. चला, तिकडे चहा थांबलाय."

तिसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'पाहुण्यांना चुकीची माहिती देऊन संस्थेची बदनामी केल्याबद्दल चौकशी. लेखी माफी न दिल्यास नाव कमी करण्यात येईल.' नव्या इमारतीतला रंग ओला होता, म्हणून चौकशी कुठे ठेवावी? आमच्याच खोलीत.

टेबलामागे दोघे बसले. ते विश्वस्त, आणि कॉलेजचे प्राचार्य फादर. प्राचार्य फादर म्हणजे गडगड्या फादरांचा शेवटचा विद्यार्थी. कोवळ्या वयात तेही माझ्यात वाकले होते आणि ओरडा खाऊन उठले होते. आता स्वभावाने मऊ झाले होते, विश्वस्तांपुढे फारसे बोलत नसत. त्या दिवशीही ते नखे बघत बसले होते.

चिमणीबरोबर तिची आई आली होती. दाराशीच लेकीच्या ओढणीचा शेव ओढून ती पुटपुटत होती, "माफ करा म्हण आणि मोकळी हो. दोन शब्दांनी तोंड झिजत नाही. इतकी वर्षं रात्रीचा दिवस केलास, तो काय यासाठी?"

"आई, बघू दे मला."

"बघण्यासारखं काय आहे त्यात? म्हणायचंय फक्त."

खिडकीबाहेर ड्रायव्हरकाका आणि सारा संध्याकाळचा वर्ग दाटीवाटीने उभा होता. काही जण कामावरून तसेच निघून आलेले.

चिमणी माझ्यात चढली. विश्वस्त गोड आवाजात म्हणाले, "हे बघ बाळ, आम्ही काही तुझे वैरी नाही. चार ओळी लिहून दे. चुकीची माहिती दिली, दिलगीर आहे. विषय संपला."

"माहिती चुकीची होती का, सर?"

"प्रश्न मी विचारतोय."

तिच्या पायाची बोटे माझ्या फळीला घट्ट धरून होती. तिचा उजवा गुडघा थरथरत होता. फळीतला खळगा अगदी त्याच्याखाली. मी लाकूड आहे, मला हलता येत नाही. पण आयुष्यात कधी हलावेसे वाटले असेल, तर त्या क्षणी. वाकू नकोस पोरी, मी मनात म्हणत होतो. चूक असती तर मीच तुला म्हटले असते, टेक गुडघे. मीसुद्धा तिथूनच आलो आहे. पण तू चूक केलेली नाहीस.

गुडघा थरथरला, आणि मग ताठ झाला.

"सर, प्रश्न जरूर विचारा," ती म्हणाली. "पण या खोलीचा एक नियम आहे. जो प्रश्न विचारणार, त्याने आधी इथे उभं राहायचं."

"कसला नियम? हा काय पोरखेळ आहे?" विश्वस्त प्राचार्यांकडे वळले. "फादर, काय चाललंय हे?"

प्राचार्य फादरांनी नखांवरून नजर उचलून माझ्या फळीकडे पाहिले. मग म्हणाले, "नियम आहे. मी उभा राहिलोय तिथे."

"अहो, पण..."

खिडकीतून काका म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे साहेब. आम्ही सगळे चढून उतरलोय, कुणी दगावलं नाही. पुढे सरका, आत जागा आहे."

बाहेर हशा पिकला. आता नाही म्हणणे जास्त अवघड झाले. विश्वस्त उठले, कोट नीट केला आणि चिमणी बाजूला झाली तसे माझ्यात शिरले. खाली फळी, पुढे कठडा, समोर झग्यातले फादर. मित्रांनो, हा माणूसही लहानपणी आईचे बोट धरून मंदिरात गेलेला. त्याला कळायच्या आत त्याचा गुडघा वाकला आणि बरोबर खळग्यात जाऊन बसला.

कोणी हसले नाही. आणि मग तावदाने थरथरली.

"उभे राहा! इथे माफी मागायची नाही. घडलं ते सांगायचं!"

मला क्षणभर वाटले, गडगड्या फादरच परत आले. ओरडले होते प्राचार्य फादर. आपल्याच आवाजाने ते दचकले होते, पण मागे सरले नाहीत.

विश्वस्त उठले. चेहरा लाल झाला होता. चिमणी समोर उभी राहिली, चष्म्याच्या दुकानात उभी राहते तशी.

"संध्याकाळचा वर्ग पुढच्या वर्षी बंद करायचं ठरलंय. हो की नाही?"

"त्याचं असं आहे, की धोरण म्हणून सर्वंकष विचार..."

"सर, अंदाजाने नका सांगू. ठरलंय, हो की नाही?"

त्यांचे दोन्ही तळवे माझ्या कठड्यावर होते. तळव्यांची भाषा मला वाचता येते. ओले झाले होते. खोटे बोलायला ते मोकळे होते, कोणी शपथ घातली नव्हती. पण आत उभे राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघत खोटे बोलणे फार जड जाते, म्हणून तर तोंडावर जाळी नको असते.

"हो," ते म्हणाले.

"मग मी पाहुण्यांना खोटं काय सांगितलं?"

विश्वस्त कठडा सोडून खाली उतरले. मी कितीतरी साक्षी ऐकल्या आहेत, पण इतकी स्पष्ट साक्ष दुसरी आठवत नाही. आणि एक गोष्ट मी त्या गृहस्थांच्या बाजूनेही सांगून ठेवतो. त्यांनी 'हो' म्हटले. ते सोपे नव्हते.

प्राचार्य फादरांनी समोरचा माफीचा कोरा कागद घडी करून आपल्या खिशात टाकला. "चौकशी संपली," ते म्हणाले.

चिमणीच्या आईने पदराने डोळे पुसले, लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि दारातून मागे वळून टेबलाकडे बघत म्हणाली, "फादर, आता कुणाला आमची माफी मागायची असेल तर सांगा. आम्ही बाहेर थांबतो. येऊन मागू द्या त्यांना."

दोन शब्दांनी तोंड झिजत नाही म्हणणारी बाई ती हीच!

वर्ग लगेच वाचला असे समजू नका. गोष्टीत होते तसे झटपट काही होत नाही. विश्वस्तांच्या बैठकीत भांडणे झाली. प्राचार्य फादरांनी तिथेही आवाज चढवला म्हणतात, आणि त्या न्यायाधीश बाईंनी भेटेल त्याला विचारून विचारून जीव नकोसा केला. शेवटी प्रवेशाची खिडकी उघडली. काकांच्या पुतणीला पहिला फॉर्म मिळाला. अधूनमधून कोणी तरी वर्ग बंद करायची टूम पुन्हा काढतेच. मग खोली पुन्हा माणसांनी भरते. भांडण एकदा जिंकले की कायमचे जिंकले, असे नसते. ते जिंकत राहावे लागते, दात घासावे लागतात तसे.

आता चिमणी स्वतः वकील आहे आणि संध्याकाळच्या वर्गाला शिकवते. आवाज अजून बारीकच. तिने तो मोठा केला नाही, वर्गच गप्प बसायला शिकला. ड्रायव्हरकाकांनी बस सोडून वकिली धरली. कोर्टात अशिलाला म्हणतात, "घट्ट धरून उभा राहा, वळण येतंय."

आणि आता ती काचेची पेटी. मला काचेत ठेवून माझा मान राखणार म्हणे! ज्यांना वर्ग बंद करणे जमले नाही, त्यांना ही नवी युक्ती सुचली आहे, असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांच्या मनात खरोखर प्रेमच असेल. पण परिणाम तोच. मी काचेत गेलो की नियमही काचेत गेला. मग प्रश्न विचारणारे कधी उभे राहणार नाहीत आणि उत्तर देणारे पुन्हा गुडघे टेकू लागतील.

आज सकाळी पेटी आली. हमालांनी ती नव्या दालनात बसवली आणि मला न्यायला आले. दारात चिमणी उभी होती. वर्गातले सारे तिच्यामागे. तिने हमालांना पाणी दिले, नीट बसवले आणि म्हणाली, "दादा, पिंजरा रिकामा नाहीये. आज नव्या वर्गाचा पहिला दिवस आहे."

ते डोकी खाजवत निघून गेले. दुपारी ती दालनात गेली आणि रिकाम्या पेटीत, दिव्याच्या बरोबर खाली, स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाटी ठेवून आली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिची धूळ जरूर पुसा, खिळा निघाला असेल तर ठोका. पण दया म्हणून तिला बाजूला ठेवू नका. तिला काम द्या. आणि तुमच्या हातून चूक झाली, तर अगदी मनापासून माफी मागा, त्यात कमीपणा नाही. पण खरे बोलल्याबद्दल कोणी माफी मागायला लावली, तर आपल्या गुडघ्याकडे लक्ष असू द्या.

मला आता थांबायला हवे. दिवे लागले आहेत, डबे ठेवल्याचे आवाज येत आहेत. नव्या वर्गातली पहिली साक्षीदार आली आहे, कुठल्याशा इस्पितळातली परिचारिका, पांढऱ्या बुटांची. तिने फळी पाहिली, कठडा पाहिला. वाकतेय बघा. वाकली! आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडतो आहे, "उभ्या राहा!" तावदाने थरथरत आहेत.

तिकडे नव्या दालनात पाहुणे रिकाम्या काचेच्या पेटीपुढे थांबून ती पाटी वाचत असतील. तिच्यावर लिहिले आहे, 'पिंजरा कामावर आहे. संध्याकाळी वर्गात भेटा.'